तलवारीशेजारची जागा

सुमाच्या दारापुढचा चपलांचा ढीग मी रोज बघते. बघायचा नाही असं ठरवून बघते. इथं कानडी मुलखात, बोगादीत, आमची घरं एकाच गल्लीत, समोरासमोर. तिचा नवरा गगन माझा धाकटा दीर, म्हणजे ती माझी जाऊ. माझ्या पुढच्या खोलीत ‘पावनी ब्यूटी पार्लर’ आहे, मुलीच्या नावाचं, मुलगी पाळण्यात होती तेव्हापासूनचं. सुमानं गॅरेज रिकामं करून ‘ग्लो बाय सुमा’ काढलं ते अगदी परवापरवा. तिच्या पाटीला दिवे आहेत. माझ्या पाटीवरची बाई जुन्या फॅशनच्या कुरळ्या बटा घेऊन अजून हसते, पण तिच्याकडे बघून आता कोणी आत येत नाही.

दोरा कसा धरायचा ते सुमाला मी शिकवलं. माझ्याच भुवयांवर शिकवलं. एकदा अर्धी भुवई उडाली, तर ती उगवेपर्यंत मी पेन्सिलीनं काढून लग्नाकार्यांना गेले. आता बायका तिला विचारतात, इतका हलका हात कुठं कमावलास? ती सरळ माझं नाव सांगते. सांगत नसती तर बरं होतं. निदान मनासारखं रागावता तरी आलं असतं.

आयुधपूजेला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्या घरातली सगळी हत्यारं सासूबाईंकडे जमतात. गोदावरीबाई, आमच्या सासूबाई, गल्लीच्या टोकाला राहतात. पाटावर मधोमध रणोजीरावांची तलवार. हे माझ्या नवऱ्याचे खापरपणजोबा, इथल्या महाराजांच्या घोडदळात होते. आता माझा नवरा बँकेत आणि गगन गाड्या दुरुस्त करतो, पण ज्याच्यावर पोट चालतं ते हत्यार, असं सासूबाईंचं म्हणणं. त्यामुळे लॅपटॉप, पाने, स्क्रू-ड्रायव्हर, सगळं तलवारीच्या आजूबाजूला मांडायचं. एकदा हळदकुंकू लागलं की दुसऱ्या दिवशीच्या आरतीपर्यंत काही उचलायचं नाही, तसूभर हलवायचंही नाही. एका वर्षी सासऱ्यांचा चष्मा चुकून पूजेत राहिला, तर ते दसऱ्याच्या सकाळपर्यंत घरात चाचपडत हिंडले. सासूबाईंनी चष्मा दिला नाही.

माझी पार्लरची पेटी दर वर्षी तलवारीच्या अगदी शेजारी. घरात धारेचं म्हणून आता हिची कात्रीच उरली, असं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. मला ते ऐकायला फार आवडायचं.

या वर्षी मी पेटी घेऊन गेले तर त्या जागेवर सुमाची पेटी. काळी, चाकांची, झाकणात आरसा असलेली. सासूबाईंनी माझ्या हातातून पेटी घेतली आणि खालच्या ओळीत, गगनच्या पान्यांजवळ ठेवली.

“अत्ते, तिथं माझी असते,” मी सासूबाईंना म्हणाले.

“अगं, हिची मोठी आहे. खाली मावत नाही. सुम्मने, उगीच वाद घालू नको.”

खाली मावत नाही हे मला ऐकूच आलं नाही. हिची मोठी आहे, एवढंच ऐकू आलं. अंगाचा तिळपापड झाला. कुंकवाचं बोट माझ्या पेटीला लागायच्या आत मी ती उचलली. “कात्रीला धार लावायची राहिलीय,” असं म्हणून घरी आले. सगळ्यांनी बघितलं, कोणी अडवलं नाही, त्याचाही मला राग आला.

पूजा झाली. गगननं रस्त्यात गाड्यांपुढे कोहळा फोडला. दुपारी सुमा घाईघाईनं सासूबाईंकडे पळताना दिसली, तेव्हा कोहळ्याचे तुकडे लोटायचं निमित्त करून मी झाडू घेतला आणि त्यांच्या दाराशी पोचले.

झालं होतं असं. एका नाचाच्या क्लासच्या मुलींचा त्याच संध्याकाळी दसरा उत्सवातला कार्यक्रम होता आणि त्यांचा मेकअपवाला ऐन वेळी येत नव्हता. शिक्षिकेनं सुमाला फोन केला. सुमानं हो म्हटलं, आणि सामान सगळं पूजेत.

“उद्या आरती झाल्यावर ने,” सासूबाई म्हणाल्या.

“अत्ते, स्वल्प समजून घ्या. मी शब्द दिलाय.”

“शब्द देताना पेटी कुठंय ते आठवायचं.”

मला इतका आनंद झाला की झाडू हातातच राहिला. आज हिची फजिती होणार. ती शिक्षिका चार जणींना सांगणार, त्या चार जणी आणखी कोणाला. हळूहळू हिच्या दारातल्या चपला कमी होणार आणि त्यातल्या काही माझ्या पायरीवर येणार. बंद करायला आलेलं माझं पार्लर पुन्हा चालणार. मी उभ्या उभ्या एवढं सगळं बघून घेतलं.

सुमा वळली. “अक्का, तुमची पेटी मोकळी आहे नव्हं?”

धारेला दिलीय, हे माझ्या जिभेवर तयार होतं.

“पेटी घेऊन तुम्हीच चला,” ती म्हणाली. “नाचाचा मेकअप मला येत नाही.”

सासूबाईंसमोर, मोठ्यानं, जराही न लाजता. “नवरी येते, पार्टी येते, नखं येतात. ते लांब डोळे काढायचं तुम्ही मला शिकवलं नाही.”

खरं होतं. माझ्याकडे शिकत असताना नाचाच्या मुली आल्या की मी तिला चहा करायला आत पाठवायची. तिच्या लक्षात आलं नसेल असं मी धरून चालले होते.

“मग हो कशाला म्हणालीस?”

“तुम्ही आहात म्हणून. केसांचं मी बघते. बेगा, लवकर चला, पोरी बसल्यात.”

गेले. मला जायचं नव्हतं असं म्हणणार नाही. सुमा मदतीला आणि मी मुख्य, हे चित्र मला सोडवेना. हॉलमागच्या खोलीत मुली ओळीनं बसल्या होत्या. पहिल्या मुलीच्या चेहऱ्याला पॅनकेकचा रंग लावला आणि हात आपोआप चालू झाला. भुवई जाड, काजळाची रेघ पार कानशिलाकडे, पापणीवर पांढऱ्याची बारीक कड. शेजारी सुमा माझ्या पिना घेऊन मोगऱ्याच्या कळ्यांच्या वेण्या बसवत होती आणि मधूनमधून माझ्या हाताकडे बघत होती. ती बघायला लागली की मी मुलीचं तोंड दुसरीकडे वळवायची.

पूजिता मॅडम, त्यांच्या शिक्षिका, मला म्हणाल्या, “हे डोळे शेवटच्या रांगेतून दिसतील. कार्ड आहे तुमचं?”

माझं कार्ड नव्हतं. कधी छापावंसं वाटलंच नाही. सुमानं तिचं काढलं, मागच्या बाजूला माझं नाव आणि नंबर लिहिला. मॅडमनी ते फोनच्या पारदर्शक कव्हरात खोचलं. वरून ‘ग्लो बाय सुमा’च दिसत होतं.

परतताना स्कूटरवर मी मागे, मांडीवर पेटी.

“अक्का, मला शिकवाल?”

“शिकवीन,” मी म्हणाले. कधी ते सांगितलं नाही.

सासूबाईंकडे समई अजून तेवत होती. सुमा बाहेर स्कूटर लावत होती, तेवढ्यात मी पेटी घेऊन आत गेले.

“लागली धार?” सासूबाईंनी विचारलं.

“लागली.”

त्यांनी हळदकुंकवाचं तबक माझ्यापुढे केलं. “ठेव कुठं ठेवायची ती.” आणि समईत तेल घालायला वळल्या.

खालच्या ओळीत भरपूर जागा होती. मी तिकडे बघितलंसुद्धा नाही. सुमाच्या पेटीला हात लावला आणि हळूच सरकवली. दोनच बोटं. चाक कुरकुरलं, पण सासूबाईंनी मान वळवली नाही. त्या फटीत माझी पेटी आडवी काही बसेना, म्हणून उभी कोंबली. तिचा कोपरा तलवारीच्या म्यानाला टेकला तेव्हा कुठं मला बरं वाटलं.

पेटीला कुंकू लावून, पदर सावरून उठते तर सुमा दारात. तिच्या पेटीखालची रांगोळी फिसकटली होती आणि तिची नजर नेमकी तिथंच होती. मी कुंकवाचं बोट पुसत राहिले.

ती वाकली आणि स्वतःची पेटी आणखी वीतभर बाजूला ओढली.

“आता आडवी ठेवा, अक्का. पडेल ती.”

तेवढी चोरीसुद्धा तिनं मला एकटीला करू दिली नाही.