सत्तेचाळीस पॉइंट नऊ

गौरांग पहिल्यांदा घरी आला तेव्हा मी त्याला दारातूनच वाटेला लावणार होते. पुण्याचा मुलगा, पायात लाल बूट, आणि चहा ठेवायच्या आत विचारतो, "काकू, 'लाईट आली गा' तुम्हीच गायलात ना?"

"नाही," मी म्हणाले.

माझी नात वेदिका आतून धावत आली. "आजी गायली? आजी तं आरतीतही नुसते ओठ हलवते!"

कार्टीचं लक्ष बारीक आहे. चाळीस वर्षं मी आरतीत ओठ हलवते आणि टाळ्या जोरात वाजवते, म्हणजे कुणाच्या ध्यानात येत नाही. मी गात होते हे या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही, आणि आता तर तो सांगण्यापलीकडे गेला.

गौरांगने फोनवर गाणं लावलं. पहिला ठेका पडला आणि मला नागपुरातल्या लकडगंजचा तो फूटपाथ आठवला.

एकोणीसशे चौऱ्याऐंशी साल. मी नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या वीजकेंद्रात टायपिस्ट होते. गिरिधरभाऊ कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर. ड्यूटी संपली की हा माणूस क्वार्टरच्या मागच्या खोलीत बसून वाद्य बनवायचा. भंगारातले रेडिओ, कुणाची फेकलेली मोजमापाची यंत्रं, दोन टेबलं भरून वायरी. बायको म्हणायची, यांना माणसांपेक्षा सोल्डरिंगचा वास जास्त आवडतो. पण त्या टेबलांतून जो आवाज निघायचा तो तोवर आम्ही कुणी ऐकला नव्हता. खालचा सूर असा की पोटात वाजायचा. त्यावर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीतल्या ढोलाचा ठेका, पण ढोल एकही नाही, सगळं विजेवर. मोठ्या शहरात लोक शंभर वादक बसवून डिस्को करत होते म्हणे. आमचा गडी एकटा बसून करत होता, तेही बनियनवर. आज कुणीही लॅपटॉपवर करतं. तेव्हा ते करायचं तर आधी वाद्याचा जन्म घडवावा लागे, आणि ते त्यानं केलं. माझा त्याच्यावर राग आहे, तरी हे मी कुणासमोरही सांगेन.

गाणं अगदी साधं होतं. भारनियमन संपून दिवे लागले की कॉलनीतली पोरं जशी ओरडत तसं, "लाईट आली गा, लाईट आली!" चार दिवस संध्याकाळी मी त्या खोलीत गायले. महिनाभरात कॅसेट निघाली, आणि मारबतीच्या दिवशी अख्खं नागपूर त्यावर नाचलं.

मी लकडगंजला फूटपाथवर उभी होते, नवी साडी नेसून, आपलं गाणं ऐकायला. भोंग्यातून जो आवाज आला तो चिरका, नाकातला, गंजलेल्या बिजागरीसारखा. माझ्या शेजारच्या बाईनं मैत्रिणीला म्हटलं, "गाणं जबरदस्त आहे वं, पण ही बाई काहून किंचाळून राहिली?" दोघी हसल्या. मीही हसले. आणि घरी येऊन गाणं सोडलं. मला कुणी गाऊ नको म्हणालं नाही. मी माझ्याच कानांनी ऐकलं आणि मान्य केलं, की माझा आवाज हा असा आहे. आजवर जे वाहवा म्हणाले ते तोंडदेखलं म्हणाले.

"आता हे बाहेरच्या देशांतसुद्धा वाजतं," गौरांग सांगत होता. "तिकडची तरुण मुलं म्हणतात, हा माणूस आमच्या आधी इथे पोचला होता. नवी रेकॉर्ड काढतोय आम्ही. रविवारी नागपुरात सत्कार आहे गिरिधरभाऊंचा. तुम्ही याच."

"आवाज ऐकून उगाच घाबरतील लोक," मी म्हणाले.

त्यानं मूळ रेकॉर्डिंगच्या स्पूलच्या, म्हणजे टेपच्या चकतीच्या, डब्याचे फोटो दाखवले. गिरिधरभाऊंनी जपून ठेवला होता. झाकणावर पेन्सिलीनं लिहिलेलं: सायं. ७.१०. ४७.९.

"हा बहुतेक डब्याचा नंबर," गौरांग म्हणाला.

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. डब्याचा नंबर कसला! अकरा वर्षं मी रोज सकाळी कंट्रोल रूमचा तक्ता टाइप केला आहे. दर तासाची फ्रिक्वेन्सी. वीज एका सेकंदात किती हेलकावे खाते ते. पन्नास हवेत. संध्याकाळी सगळीकडे दिवे, पंखे, पंप एकदम लागायचे आणि आकडा घसरायचा. अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस पॉइंट नऊ.

"गौरांग," मी विचारलं, "ते स्पूलचं मशीन कसं चालायचं? त्याची मोटर?"

"थेट मेन्सवर, म्हणजे घरच्या विजेवर. वीज मंद तर मोटर मंद..." तो थांबला. त्यानं झाकणाचा फोटो पुन्हा मोठा करून पाहिला.

संध्याकाळी मंद मोटरवर माझा आवाज भरला गेला. मग कॅसेटसाठी उतरवला तेव्हा वीज चांगली असणार, मोटर पूर्ण वेगात. गाणं पळालं आणि माझा आवाज वर चढून चिरका झाला. आणि हे ज्याला कळलं होतं त्यानं ते डब्यावर लिहूनसुद्धा ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरांगच्या गाडीतून खापरखेडा गाठलं. गिरिधरभाऊ आता शहात्तरचे. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मला पाहून उठायला लागले.

"बसा," मी म्हणाले. "सत्तेचाळीस पॉइंट नऊ."

ते बसले.

"तुले समजलं तं," ते म्हणाले.

"तुम्हाले कधी समजलं?"

"भरतानाच ठाऊक होतं. म्हणून तं लिहिलं. उतरवताना मोटर तेवढी हळू करायची, असं ठरलं होतं डोक्यात. पण रविवारी सकाळी बसलो उतरवायले. लोड नाही, फ्रिक्वेन्सी पन्नासच्या वर. आधी विसरलो. मग गाणं सुरू झालं अन् माह्या पायानं आपोआप ठेका धरला. प्रेमलता, हळू होतं तेव्हा ते निस्तं गाणं होतं वं. पळालं अन् नाच झाला."

"अन् माहा आवाज?"

"तुह्या आवाजाचं वाटोळं झालं. मले ऐकू येत होतं."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. खोटं बोलायचं वय उलटून गेलं होतं. "सांगितलं असतं तं तू म्हटली असती, थांबवा. अन् मले थांबवा लागलं असतं."

मला रडू आलं, आणि रागानं आलं हे मी लपवलं नाही. गौरांगनं न विचारता लॅपटॉप उघडला. दोन मिनिटांत त्यानं गाण्याचा वेग मुळात होता तेवढा उतरवला आणि वाजवलं.

एक चोवीस वर्षांची बाई गात होती. भरदार, मोकळी, शब्दाशब्दावर रेंगाळणारी. कुठे चिरकेपणा नाही, नाकात नाही. ही मी होते. हिला मी चाळीस वर्षं गप्प बसवून ठेवलं होतं.

आणि खरं सांगायचं तर ठेका मेला होता. गिरिधरभाऊंचा तो पोटातला सूर नुसता घरघरत होता. या वेगावर एकही माणूस नाचला नसता. त्यांचं बरोबर होतं, याचाच जास्त संताप आला.

"त्या चिरक्या आवाजापायी मी चाळीस वर्षं गायले नाही. रविवारी सगळ्यांसमोर सांगायचं," मी म्हणाले. "नाहीतर मी येत नाही, अन् माझं नावही रेकॉर्डवर नको."

ते हो म्हणाले.

सभागृह तरुण मुलामुलींनी भरलं होतं. वेदिका पहिल्या रांगेत, मैत्रिणींसह. शाल झाली, श्रीफळ झालं. एका वक्त्यानं त्यांना काळाच्या पुढचा माणूस म्हटलं, दुसऱ्यानं जादूगार. मंचावर त्यांनी बनवलेलं ते जुनं वाद्य ठेवलं होतं, अजून चालू. गिरिधरभाऊंनी माइक घेतला आणि ड्यूटीचा रिपोर्ट वाचावा तसं सांगितलं. फ्रिक्वेन्सी इतकी होती, मोटर इतकी मंद होती, कॅसेटमध्ये जो आवाज आहे तो या बाईंचा नाही, चूक माझी, मी जाणून गप्प राहिलो.

सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. गमतीचा किस्सा वाटला त्यांना. वेदिकाही हसत होती. मला लकडगंजच्या त्या दोन बायका आठवल्या. उठून निघून जावं असं वाटलं.

"हसू नका!" गिरिधरभाऊ ओरडले. माइक कर्कश वाजला. "एक बाई गात होती. माह्यामुळे तिनं गाणं सोडलं. चाळीस वर्षं. तुम्ही नाचले ते तिच्या जिवावर नाचले. अन् मी आज शाल घेऊन राहिलो."

आता कुणी हसेना. वेदिकानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पार उतरला होता.

त्यांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली, वाद्यासमोर बसले आणि माइकवरूनच विचारलं, "प्रेमलता, पट्टी सांग."

साथीदार गाणाऱ्याला हे विचारतो. तू कोणत्या उंचीवर गाणार ते सांग, मी तिथे येतो. चोविसाव्या वर्षी मी पेटीच्या काळी चारवर गायले होते. आता तिथवर पोचायची ताकद नव्हती. गुडघे धरत मी मंचावर गेले.

"पांढरी तीन," मी म्हणाले. "अन् हळू नका करू. नाचाचं गाणं आहे."

त्यांनी बटणं फिरवून सूर माझ्यासाठी खाली आणला. ठेका मात्र मारबतीच्या दिवशी होता तेवढाच पळता सोडला. मी तोंड उघडलं. पहिली ओळ ठेक्याच्या मागे पडली, दुसरीला आवाज फाटला, आणि तिसरीपासून मागची पोरं उभी राहून नाचायला लागली. मी गात राहिले. आवाज म्हातारा होता, जाड होता, पण माझा होता, आणि मला त्याची लाज वाटली नाही.