नववी पट्टी

त्या सकाळी मी नवव्या कमानीखाली शिडीवर होते. शहराच्या जुन्या भागातलं हजारेक वर्षांचं धान्याचं कोठार, चौदा दगडी कमानी, आणि प्रत्येक तड्यावर आडवी चिकटवलेली काचेची पातळ पट्टी. भिंत केसभर सरकली तरी काच तडकते. रोज पट्ट्या पाहायच्या आणि वहीत लिहायचं, एवढंच मला शिकवणाऱ्या बाईंनी दिलेलं काम. परदेशात शिकायला येऊन सव्वा वर्ष झालं होतं आणि रोज मी एकच शब्द लिहीत होते: शाबूत.

त्या दिवशी नववी तडकलेली होती.

मी बाबांना व्हिडिओ फोन लावला. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. काचेची ही युक्ती मला वर्गात कोणी शिकवण्याआधी त्यांनीच दाखवली होती. ते नेहमीच्या खुर्चीत, भिंतीला पाठ लावून बसले होते.

“तडा वर रुंद की खाली?”

“वर.”

“म्हणजे भिंत बाहेर कलतेय. बाईंना सांगितलंस तुझ्या?”

“सांगते.”

“सांगते काय? आधी उतर खाली! एवढी शिकलीस, अक्कल काय घरी ठेवून गेलीस?”

आतून आई ओरडली, “इथेच आहे तिची अक्कल, कपाटावर. रोज धूळ पुसते मी!”

बाबा हसले. हसता हसता त्यांच्या खांद्यावर पांढरं काहीतरी पडलं. त्यांनी ते झटकलं. “चुना काही पाठ सोडत नाही माझी.”

काम सोडून त्यांना तीन वर्षं झाली होती.

मी फोन डोळ्यांजवळ नेला. त्यांच्या डोक्यामागे, कॅलेंडरच्या वर, एक तडा छताकडे गेला होता. वर रुंद. महिन्यापूर्वी तो कॅलेंडरच्या वर आलेला नव्हता.

ती भिंत त्यांनी माझ्या जन्माआधी स्वतः बांधलेली. निघण्यापूर्वी मी तिला ओल आली आहे एवढंच म्हणाले होते, तर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. “चार पुस्तकं वाचून मला भिंत दाखवतेस?” तो अबोला मला आठवला. सुट्टीत जाईन तेव्हा गुपचूप पट्टी लावीन, असं मी ठरवलं.

“जेवलात?” मी विचारलं.

“जेवलो. तू उतर.”

मी उतरले आणि बाईंना सांगितलं. दुपारपर्यंत कमानीला लाकडी टेकू लागले, दोर बांधून वाट बंद झाली. आमच्या घरची भिंत दुसऱ्या दिवशी सकाळी पडली. आई बाहेर पाणी भरत होती. बाबा खुर्चीत चहा पीत होते.

महिन्याने मी परत आले. नववी कमान टेकूंवर तशीच उभी होती. बाईंनी माझ्या हातात नवी पट्टी दिली आणि पाठीवर हात ठेवला. “वाचली ती. तू वेळेवर बोललीस म्हणून.”

त्या गेल्या. मी शिडी चढले, तड्यावर पट्टी धरली. पट्टी काही बसेना. शेवटी तिथेच, जिथे आमची भाषा कोणालाही कळत नाही तिथे, मी मोठ्याने म्हणाले,

“बाबा, तिथून उठा. तुमची भिंत कलतेय. रागवा हवं तर, पण आधी उठा.”