पोटुशींची शर्यत

द्राक्षाच्या दारूची चव घ्यायला मुंबईची माणसं गाड्या काढून नाशिकला येतात, मग आमच्या गुळाच्या हातभट्टीनंच कुणाचं घोडं मारलंय? असं म्हणत चांदवडच्या घाटाखालच्या त्या गावानं यंदा ट्यूबजत्रा भरवली. एके काळी अख्खं गाव टायरच्या रबरी ट्यूबवर जगलं होतं. बाया दारू भरलेली ट्यूब पोटाला गुंडाळायच्या, वरून लुगडं नेसायच्या आणि पोटुशी म्हणून एसटीत बसायला जागाही मिळवायच्या. नवसाबाईला त्याची कधीच लाज वाटली नाही. त्याच धंद्यावर तिनं घर उभं केलं होतं.

तिला खुपत होती ती शर्यत. लुगडी नेसलेले बाप्ये पोटाला पाण्याच्या ट्यूब बांधून पळणार, वाटेत खोटा पोलीस प्रत्येकाच्या पोटात सोटा खुपसणार, ज्याची ट्यूब फुटेल तो बाद.

"तेवढा सोटा काढ," तिनं सरपंचाला, म्हणजे पुतण्या ललितला, सांगून पाहिलं.

"काकू, लोकं त्यालाच तर हसत्यात."

त्याचं तरी काय चुकलं? त्याच्या आईनं, आक्काबाईनं, मरेपर्यंत त्याला काही कळू दिलं नव्हतं. नाक्यावर झडती लागली की खरी पोटुशी पुढं घालायची, ही बायांची युक्ती. शिपाई एकदा खजील झाला की मागच्यांना हात लावत नसे. पण आक्काबाई पुढं होती त्या दिवशीचा शिपाई खजील होणारा नव्हता. त्यानं तिच्या पोटात सोटा खुपसला. ललितच्या आधीचं ते मूल जगात आलंच नाही.

शर्यत सुरू झाली, तशी सत्तरी ओलांडलेली नवसाबाई पदर खोचून मैदानात उतरली. पोटाला ट्यूब नव्हती. शिट्ट्या वाजल्या, माणसं हसली. ती थेट खोट्या पोलिसापुढं, दीपकपुढं, जाऊन उभी राहिली. त्याचे विनोद सगळ्यांना ऐकू जावेत म्हणून त्याच्या शर्टाला माइक लावला होता.

"मार."

"आजी, तुमच्याकडं ट्यूब नाय."

"आक्काबाईकडं पण नव्हती. सातवा महिना होता तिला. तरी मारला सोटा, पोर गेलं तिचं. आता हसा."

कुणी हसलं नाही. दीपकनं सोटा खाली ठेवला. नवसाबाई तशीच चालत मंचापर्यंत गेली.

"पयला नंबर आक्काबाईचा," ती ललितला म्हणाली. "सांग लोकांना."

ललित आईचं नाव पुटपुटला. ती जागची हलली नाही.

"मोठ्यानं घे नाव. माल चोरून नेला आम्ही, दुःख काय म्हणून चोरून ठेवायचं?"

ललितनं डोळे पुसले, माइक हातात घेतला आणि साऱ्या गावासमोर आईचं नाव घेतलं.