नाकाचा निर्वाळा

बाबांच्या नाकाची कीर्ती आमच्या गॅरेजपेक्षा मोठी होती. गाडी चालू ठेवायला सांगून ते मागे जायचे, सायलेन्सरपाशी वाकायचे, डोळे मिटून एक श्वास घ्यायचे आणि निकाल द्यायचे: ऑइल जळतंय, पेट्रोल जास्त जातंय, कूलंट आत शिरतंय. लोक त्यांना ‘नाकवाले’ म्हणायचे आणि ते ऐकून बाबांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. गाडीला जोडला की बिघाड दाखवणारा स्कॅनर मी विकत आणला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “या डबड्याला नाक कुठंय?”

संगीत शिकवणाऱ्या बाई आपली जुनी गाडी घेऊन आल्या. चढावर तिला धाप लागते, मागून घाण वास येतो, अशी तक्रार होती. बाबा वाकले, उठले, म्हणाले, “प्लग.” स्कॅनर वेगळंच सांगत होता. इंजिनातला एक सिलिंडर मधूनमधून पेटत नव्हता आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कामातून जात होता. मी मुकाट्याने प्लग बदलले. बाबांशी वाद घालून आमच्याकडे कुणाचं भलं झालेलं नाही.

आठवड्याच्या आत गाडी रडतखडत परत आली. या वेळी सडक्या अंड्यांचा असा भपकारा सुटला होता की शेजारच्या कुलूपवाल्याने दुकानाचं दार लावून घेतलं. बाईंनी नाकाला रुमाल लावला. बाबा त्या सायलेन्सरपाशी वाकले, डोळे मिटले आणि शांतपणे म्हणाले, “थोडा पेट्रोलचा वास आहे. बाकी काही नाही.”

मला एकेक गोष्ट आठवू लागली. परवा घरी दूध करपलं, तेव्हा बाबा गॅसशेजारीच पेपर वाचत बसले होते. आईने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं आणि आम्ही सगळे हसलो. शिवाय हल्ली ते गिऱ्हाइकाला आधी विचारायचे, “तुम्हाला कसला वास येतो?” मला ती अदब वाटली होती. बाबा आणि अदब! माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणायचं.

वास न येणारा माणूस कुठल्याही घरात चालून जातो. जिथे पेट्रोल आणि ज्योतीने लोखंड कापणारा गॅस कटर एकाच छपराखाली नांदतात, तिथे तो चालत नाही. हे त्यांना सांगायचं कसं, ते मला सुचेना. मी बाईंना संध्याकाळी यायला सांगितलं, गाडी वर उचलली आणि तिच्याखाली शिरले.

कन्व्हर्टरवर रबरी हातोडी मारली तर आत खुळखुळ वाजलं. इंजिन चालू करून उष्णता मोजली. चांगल्या कन्व्हर्टरचं मागचं तोंड पुढच्यापेक्षा जास्त तापतं. इथे पुढचं तोंड भाजून निघत होतं आणि मागचं जेमतेम गरम. सेन्सर काढून त्या भोकात दाबमापक लावला, त्याचा काटा कुठल्या कुठे गेला. आतली जाळी वितळून तुटली होती आणि धुराची वाट बंद झाली होती. पण कन्व्हर्टर आपणहून मरत नाही. एका सिलिंडरच्या प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारी इग्निशन कॉइल निकामी झाली होती. तिथलं न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत होतं. नुसता कन्व्हर्टर बदलला असता, तर नवाही त्याच वाटेने गेला असता.

बाबांना हे सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कॉइल. बरोबर आहे.” त्यांच्या तोंडून हे म्हणजे सत्कारच.

इंजिन निवल्यावर नवा कन्व्हर्टर आणून ठेवला, पण जुन्याचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. “सर बाजूला,” म्हणत बाबांनी गॅस कटर घेतला. कटर कायम त्यांच्याच हातात असायचा. मी सायलेन्सर खाली ओढून धरला, आणि त्या हिसक्याने वरची पेट्रोलची नळी सांध्यातून निसटली. दिसण्याआधी मला वास आला. बाबांच्या पाठीमागे धार लागली होती, आणि बाबा लायटर शोधत खिसे चाचपत होते. लायटर सापडला.

“बाबा, थांबा!”

मी त्यांच्या हातावर फटका मारला. लायटर लांब जाऊन पडला. बाबांनी वळून पायाशी साचलेलं पेट्रोल पाहिलं.

“कधीपासून?” मी विचारलं.

“थंडीत ताप आला होता, तेव्हापासून. वाटलं, येईल परत.”

“आणि बोलला नाहीत?”

“काय बोलू? नाकवाल्याचं नाक गेलं म्हणून?”

“राख झाली असती बाबा, दोघांची! आईनं काय केलं असतं?” मी ओरडत होते. राग तर होताच, पण त्यांना मिठी मारून रडावंसंही वाटत होतं. तसं केलं नाही, नळी जोडली. बाबांनी स्वतःच्या हाताने कटरचा गॅस सिलिंडर बंद केला आणि एका टायरवर जाऊन बसले. जमीन पुसून, दारं सताड उघडून मी बोल्ट करवतीने कापले, नवा कन्व्हर्टर आणि नवी कॉइल बसवली. संध्याकाळ झाली.

बाई आल्या. कुलूपवालाही कुतूहलाने डोकावला. “नाकवाल्यांनी निर्वाळा दिल्याशिवाय मी गाडी नेणार नाही हं,” बाई म्हणाल्या. बाबा सवयीने मागे गेले, अर्धवट वाकले आणि सरळ झाले.

“मला वास येत नाही, बाई. कशाचाच.”

बाई खळखळून हसल्या. कुलूपवाल्याने मांडीवर थाप मारली. “काय नाकवाले, आज मस्करीच्या मूडमध्ये!”

बाबा माझ्याकडे बघत होते. मीही हसले असते तर ती मस्करीच ठरली असती. त्यांची अब्रू वाचली असती, आणि उद्या कटर पुन्हा त्यांच्या हातात गेला असता.

“मस्करी नाही,” मी म्हटलं. “खरंच येत नाही त्यांना.”

हसू थांबलं. बाई रुमालाशी चाळा करू लागल्या. कुलूपवाल्याला एकदम दुकान आठवलं. बाबांनी हात पुसले, पुढे आले आणि बॉनेट उघडलं.

“गाडी चालू करा, बाई,” ते म्हणाले. “ऐकायला नीट येतं मला.”