लिंबोणीभोवतीचा ओटा

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पाटी आहे. अक्षरे गिरवायची नव्हे, माती वाहायची. कुणी मला घमेलेही म्हणतात. नाव काहीही घ्या, पण भरलेली असताना दोन्ही हातांनी धरा, एवढेच माझे म्हणणे आहे.

एका कारखान्यात जाड पत्र्यावर दाब पडला आणि मला हा खोलगट आकार आला. तिथून मी लासूर स्टेशनच्या बाजारात आले. कडूबा नावाचा शेतकरी तिथे बैल बघायला आला होता. बैल काही जमला नाही, म्हणून जाता जाता त्याने मला बोटाने वाजवून पाहिले आणि फुलंब्रीजवळच्या आपल्या वस्तीवर नेले. त्याच आठवड्यात त्याने अंगणात लिंबोणीचे रोप लावले. त्या खड्ड्यातली माती वाहणे हे माझे पहिले काम.

होळी झाली की माझी धावपळ सुरू होई. पाडव्याच्या आत घर-अंगण नीट झालेच पाहिजे, अशी त्या घरची रीत. पालापाचोळा, हौदातला गाळ, भिंतींसाठी चुना, झाडांना शेणखत, सगळे माझ्यातूनच जायचे. कडूबाची बायको आशाबाई काम संपल्यावर मला घासून धुवायची. बाकीच्यांचे मात्र काम सरो नि वैद्य मरो. पावसाळाभर मी गोठ्यामागे पडलेली असे आणि कोंबड्या माझ्यात खुशाल अंडी घालत.

कडूबा वारला तेव्हा लिंबोणी अंगणभर पसरली होती. संध्याकाळी तो तिच्याचखाली बसायचा. म्हणून पुढच्या फाल्गुनात आशाबाईने मुलाला, इंद्रजीतला, तिथे ओटा बांधायला आणि वर वडिलांच्या नावाची फरशी बसवायला सांगितले. इंद्रजीत शहरात नोकरीला, रोज ये-जा करणारा. तरी रजा काढून त्याने हौसेने ओटा बांधला. सिमेंट माझ्यातच कालवले. खोडाला अगदी चिकटून गोल, गुळगुळीत ओटा झाला. वर काळी फरशी, ‘कै. कडूबा यांच्या स्मरणार्थ’. येणारा-जाणारा तिथे टेकायचा आणि वाहवा करायचा. त्या गडबडीत मला धुवायचे राहून गेले. बुडाला चिकटलेले सिमेंट अजून तसेच आहे.

यंदा संक्रांत होऊन गेली तरी लिंबोणीला फूल आले नाही. पाने पिवळी पडली, खोडातून डिंक गळू लागला. झाड तहानले असेल असे वाटून आशाबाई रोज बादलीभर पाणी जास्त ओतू लागली. ते खोडालगत झिरपून सिमेंटखाली कोंडत राहिले. शेवटी एका सकाळी तिने खुरप्याने ओट्याची कड खरवडली. आतली साल कुजली होती आणि बोटाबरोबर निघून येत होती. ती तिथेच बसून राहिली. ओटा तिनेच मागितला होता. मला तिची फार कीव आली.

रविवारी तिने इंद्रजीतच्या हातात घण दिला. त्याचा हात काही उचलेना.

“आई, अण्णांचं नाव हाये त्याच्यावर. लोक काय म्हणतील?”

“म्हणू दे. त्यांनी झाड लावलं व्हतं, वटा नाय. नाव पुन्हा लिवता येईल. झाड वाळलं तर कुठून आणू?”

तरी तो उभाच. मग तिनेच पदर खोचला आणि पहिला घाव घातला. नंतर मात्र इंद्रजीत थांबला नाही. फरशी अखंड निघावी म्हणून त्याने पुष्कळ जपले, पण ती नावावरच तडकली. आशाबाईने तुकडे वेचून माझ्यात ठेवले, कुणाला हात लावू दिला नाही आणि मला डोक्यावर घेऊन घरात गेली. मी आयुष्यभर ओझी वाहिली, पण एवढे हलके आणि एवढे जड ओझे कधी वाहिले नव्हते.

मग कुजलेली साल खरवडून तिथे औषध लावले. नवे आळे खोडापासून चांगले लांब केले. पाडवा झाला आणि उगवतीकडच्या फांद्यांना कोवळी पालवी फुटली. मावळतीकडच्या मात्र वाळल्या, त्या छाटाव्या लागल्या. अर्धे झाड गेले, अर्धे राहिले.

आता ऊन उतरले की आशाबाई मला घेऊन येते, झाडाच्या सावलीत पालथी घालते आणि माझ्यावर बसते. माझी पाठ जरा दबते, पण माझी तक्रार नाही. अंधार पडला की ती उठते आणि मला काखेत मारून घरात नेते. मित्रांनो, झाडाजवळ जरूर बसा. फक्त उठताना आपली बैठक आपल्याबरोबर नेता येईल, असेच बसा.