बाईसाहेबांची शिटी

"हललीस ना, तर याद राख!" सावेतानं बाईसाहेबांना दम दिला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पुन्हा एकदा बघून घेतलं.

बाईसाहेब म्हणजे घरची काळतोंडी मेंढी. तिनं रवंथ थांबवला, पोरीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केला.

सावेताच्या अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता आणि त्यावर आईचा पायघोळ एप्रन. आज सिगेत शहरातल्या हायस्कूलची प्रवेशपरीक्षा होती आणि तिकडे जाणारी बस एकच. तिथे वसतिगृह होतं, प्रयोगशाळा होती, आणि वर्षभर सावेताला दुसरं काही सुचत नव्हतं. धार काढता काढता ती इतिहासाच्या सनावळ्या पाठ करायची, एका धारेला एक लढाई. तिच्या वह्यांना मेंढ्यांचा वास येतो म्हणून मास्तर नाक मुरडायचे, पण मार्क भरभरून द्यायचे.

पण आजच नेमकी मोजणी. मेंढ्या डोंगरावर जाण्याआधी सगळं गाव डोंगरउतारावरच्या मेंढ्यांच्या वाड्यावर जमायचं आणि ज्यानं त्यानं आपापल्या मेंढ्यांची धार काढायची. थोरला मेंढपाळ, बाची ग्रिगा, प्रत्येकाच्या बादलीत खाचांची काठी बुडवायचा. काठी जेवढी भिजेल, तेवढा त्या घराचा उन्हाळ्यात बनणाऱ्या चीजमधला वाटा. त्यात शेजाऱ्यापाजाऱ्याचा हात चालत नसे. धार घरच्यांनीच काढायची. सावेताचे वडील स्पेनमध्ये बांधकामावर होते. आई, परास्का, गवताच्या माळ्यावरून पडली होती आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. राहता राहिली सावेता.

आणि पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटल्याशिवाय कासेला हात लावायचा नाही, असा रिवाज. पाद्रीबाबांचा पत्ता नव्हता.

"दाढी विंचरत बसले असतील," शेजारची नूत्सा मावशी म्हणाली. "सावे, तू बसमध्येच धार काढ गं. ड्रायव्हरला कपभर दिलंस की झालं!"

"मावशी, माझा जीव चाललाय आणि तुला मस्करी सुचतेय!"

"अगं, जीव जाऊ दे, बस जायला नको."

अखेर पाद्रीबाबा धापा टाकत चढ चढून आले. "मोटार रुसली," एवढंच म्हणाले आणि पोथी उघडू लागले.

"बाबा, जरा आटोपतं घ्या हो," बाची ग्रिगा ओरडला. "परास्काच्या पोरीची आज परीक्षा आहे."

पाद्रीबाबांनी सावेताच्या सदऱ्याकडे पाहिलं, पोथी मिटली आणि आभाळाकडे मान केली. "देवा, तुला सगळं ठाऊकच आहे. आमेन."

सगळा वाडा खदखदून हसला. शिंग फुंकलं गेलं आणि सावेता कामाला भिडली. बोटं सडांवर सरसर चालू लागली. एकेक मेंढी गुमान दूध देऊन मोकळी होत होती, बादलीत फेस चढत होता. शेवटी उरल्या बाईसाहेब. सगळ्यात दुधाळ आणि सगळ्यात नखरेल. शिटी ऐकल्याशिवाय पान्हा सोडायचा नाही, ही सवय सावेतानंच तिला लावलेली. त्या शिटीवरून घरात रोज वाद. "पोरीच्या जातीनं शिट्या मारू नयेत. चारचौघांत मला मान खाली घालायला लावतेस," हे परास्काचं ठरलेलं वाक्य.

सावेतानं ओठांचा चंबू केला. नुसतीच हवा आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवाच. तोंडाला पार कोरड पडली होती. आणि खाली खोऱ्यात, चर्चपाशी, बसचा भोंगा वाजला.

तिला रडूच फुटायचं बाकी होतं. बाईसाहेबांना सोडलं तर हिवाळ्यात मक्याच्या पिठाची मामालीगा नुसती मिठाशी खावी लागणार, आणि बस सोडली तर हायस्कूल गेलं.

"ऊठ," आई म्हणाली.

"अगं पण हिची धार—"

"ऊठ म्हणते ना! एप्रन दे इकडे."

"एका हातानं कशी काढशील? आणि शिटीशिवाय ही थेंब देणार नाही."

"मला सांगतेस? इतकी वर्षं माझ्याच कानाशी वाजतेय ती." परास्कानं डाव्या हातानंच एप्रन ओढून घेतला, पोरीच्या सदऱ्यावर चिकटलेली लोकर झटकली. "हात धू. आणि तिथे पेपर घाईघाईनं देऊन येऊ नकोस. इथलं मी बघते."

सावेतानं झऱ्यात हात बुचकळले आणि उतारावरून धूम ठोकली.

अर्ध्या वाटेवर तिच्या कानावर वरून एक शिटी आली. चिरकी, फाटकी, सुराचा ठिकाणा नसलेली. पण चाल तिचीच, बाईसाहेबांची.

वाड्यावर हशा उसळला. नूत्सा मावशीचा आवाज तर सगळ्यांच्या वर. शिटी थांबली.

सावेताचे पाय जागीच खिळले. चारचौघांत डोक्यावरचा रुमाल नीट केल्याशिवाय न बोलणारी तिची आई.

तेवढ्यात शिटी पुन्हा सुरू झाली. आधीपेक्षा मोठ्यानं. हसणं हळूहळू विरलं, पण शिटी थांबेना.

बस हलायच्या बेतात होती. सावेता ओल्या हातांनीच दांडी पकडून आत चढली.

"काय गं, वर कोण बोलावतंय तुला?" ड्रायव्हरनं विचारलं.

"मला नाही," सावेता म्हणाली. "आई आहे माझी. धार काढतेय."