शंभर पोत्यांवर भरू नये

मी एक ट्रक बोलतोय. तंजावूरकडे मला लॉरी म्हणतात, म्हणजे उतारवयात मी बाईमाणूस झालो. त्याचं मला काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर आता मला कशाचंच फारसं काही वाटत नाही. पापनाशमच्या रस्त्याला एका बंद पडलेल्या भातगिरणीच्या मागे मी पडून आहे. कंबर मोडलेली, चाकं काढून नेलेली. उद्या-परवा गॅसकटर घेऊन माणसं येतील. त्याआधी एवढं सांगून टाकतो.

माझं मूळ गाव सांगली. कारखान्यातून मी नुसतं इंजिन आणि सांगाडा असा बाहेर पडलो, लाकडी हौदा सांगलीच्या सुतारांनी बांधला. मग वर्षानुवर्षं ऊस ओढला. माझ्या मालकाला शंभर म्हटलं की दीडशे ऐकू यायचं. माणूस वाईट नव्हता, फक्त रिकामी जागा दिसली की त्याला राहवत नसे. एका हंगामात, उसाने काठोकाठ भरलेला असताना, माझी चासी मधोमध तडकली. चासी म्हणजे आमचा पाठीचा कणा. गॅरेजवाल्याने ती वेल्डिंग करून सांधली, दोन्ही बाजूंनी पट्ट्या ठोकल्या आणि वर काळ्या रंगाचे तीन हात दिले. वरून काही कळायचं नाही. आतून मला कळायचं.

आणखी एकाला कळायचं, माझ्या ड्रायव्हरला. दऱ्याप्पा त्याचं नाव. चौथीपर्यंत शिकलेला, हस्ताक्षर मात्र मोत्यासारखं. आपण आज आहोत, उद्या ही गाडी दुसरा कोणी चालवेल, त्याला ठाऊक असायला हवं, असं तो क्लीनरला म्हणायचा. एका दुपारी पिवळा रंग घेऊन त्याने केबिनमध्ये, काचेच्या वरच्या फळीवर लिहिलं: 'चासी सांधली आहे. शंभर पोत्यांवर भरू नये.' रंग उरला म्हणून दोन्ही बाजूंना एकेक कमळ काढलं. ती कमळं त्याने काढली नसती तर बरं झालं असतं.

पुढे बाजारात नव्या गाड्यांची रेलचेल झाली. मालकाने नवी आणली आणि मला विकलं. हात बदलत बदलत मी दक्षिणेला उतरलो आणि चौऱ्याण्णव सालच्या आवणी महिन्यात, आपल्या श्रावणाच्या सुमारास, तंजावूरला, तिरुची रस्त्यावर जुन्या गाड्या विकणाऱ्या सुब्रमण्यमच्या आवारात येऊन उभा राहिलो. तिथे आम्ही तिघं होतो. एक निळी, एक पुढचं नाक चेपलेली, आणि मी.

एका सकाळी दोघे भाऊ आले. थोरला तुकोजी, पांढरीशुभ्र वेष्टी नेसलेला. धाकटा एकोजी, हाताला ट्रॅक्टरचं ग्रीस. ओरत्तनाडूजवळ त्यांची भातशेती. भात निघालं की दुसऱ्यांच्या लॉऱ्यांची वाट बघत पोती खळ्यावर भिजायची, म्हणून स्वतःचीच गाडी घ्यायची ठरली होती. एकोजीला यंत्राचा कान होता. त्याने तिन्ही इंजिनं सुरू करून ऐकली, धूर बघितला, स्प्रिंगचे पाटे हाताने चाचपले. तुकोजी नुसता फिरत होता. फिरता फिरता तो माझ्या केबिनमध्ये चढला आणि तिथेच थांबला.

"एकोजी, हिंगं ये," त्याने हाक मारली. "हे बघ. अप्लं अक्षर."

मी चकित झालो. तीन महिने कानावर मराठी पडली नव्हती. थोडी जुनी, तमिळच्या चालीवर हेलकावणारी, पण मराठीच. तीनशे वर्षांपूर्वी यांचे पूर्वज इकडे आले आणि इकडचेच झाले, हे मला मागाहून समजलं. भाषा घरात राहिली, लिपी मात्र सुटली होती. पत्रं लिहायची तर हे लोक मराठीच तमिळ अक्षरांत लिहीत.

"अण्णा, ती निळी बेस," एकोजी खालूनच म्हणाला. "हिचं इंजिन बरं आहे, पण ही कितींदा विकली की कोण जाणे. निळीचं इंजिन, पाटे, अस्कं मला कळलं. हिचं कळत नाही."

"निळी परक्याची. ही अप्ल्या देशाची."

सुब्रमण्यमने तमिळमध्ये विचारलं, अय्या, तिथे लिहिलंय काय? तुकोजीने एका कमळावरून बोट फिरवलं. आपल्याला आपलं अक्षर वाचता येत नाही, हे परक्यासमोर कसं सांगायचं? दोन कमळांच्या मध्ये दुसरं काय असणार, असाही विचार त्याने केला असेल.

"देवाचं नाव," तो तमिळमध्ये म्हणाला. "आमच्या कुलदेवतेचं."

सुब्रमण्यमने चपला काढून नमस्कार केला. एकदा असं झाल्यावर तुकोजीला माघार घेणं शक्य नव्हतं. त्याने मला घेतलं.

घरी नेल्यावर तुकोजीच्या बायकोने, वसुमतीने, मला ओवाळलं. एकोजीची बायको धनलक्ष्मी हिने फळीवर चंदनाचे ठिपके दिले आणि जास्वंद खोवली. पुढे रोजचाच हा नेम झाला. एकोजी गाडीत बसला की आधी त्या अक्षरांना बोटं लावून डोळ्यांना लावायचा, मगच चावी फिरवायचा. 'भरू नये' या शब्दांवरचा रंग त्याच्या बोटांनी गुळगुळीत झाला होता. माझ्या केबिनमध्ये बसून तो रोज त्या सूचनेला नमस्कार करायचा, आणि मला तोंड नव्हतं.

एकोजीने मला जपलं. वेळेवर तेल, वेळेवर हवा. पहिल्या पिकाला, कुरुवैच्या भाताला, फक्त घरचीच पोती होती, नव्वदच्या आसपास. मी ती सहज वाहिली. गावात आमचं नाव झालं. देवाची लॉरी आहे, तिच्यात भात कधी भिजत नाही, असं लोक बोलू लागले. तुकोजी ते ऐकून मिशीत हसायचा.

एकदा एकोजी म्हणाला, "अण्णा, हे काय लिवलं आहे ते अक्काला दाखवू की? तिला वाचाला येतं."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण कमलाक्षी. तंजावूरला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत राहायची, शाळेत शिकवायची. हिंदीच्या परीक्षा दिल्यामुळे घरात तिला एकटीलाच हे अक्षर येत होतं. तिच्या गल्लीत मी मावत नसे, म्हणून तिची-माझी गाठ पडली नव्हती.

"देवाचं नाव वाचून बघाचं असतं की?" तुकोजी म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण एकोजीने तो विषय पुन्हा काढला नाही. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. ते शेवटचं.

तै महिन्यात, संक्रांतीनंतर, सांबाचं म्हणजे दुसऱ्या हंगामाच्या भाताचं मोठं पीक निघालं. देवाच्या लॉरीतून आमचंही न्या, म्हणत शेजारपाजारची चार घरं आली. नाही म्हणणं तुकोजीच्या स्वभावात नव्हतं. पोती चढत गेली. शंभर झाली तरी मी मोजणं सुरू ठेवलं, कारण करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. एकशे दहा. एकशे तीस. पाटे उलटे वाकले, तसा एकोजी खाली वाकून बघून आला.

"अण्णा, पुरे. दोन खेपा करूं."

"ऊन आहे तवर एकाच खेपेत होऊं दे. काय होत नाही. सामी आहे की."

एकशे अठ्ठावन्न पोत्यांवर दोर आवळले. एकोजी बसला, फळीला बोटं लावली, डोळ्यांना लावली. सकाळचे नऊ वाजले असतील. तुकोजी मोटारसायकलवर पुढे गेला होता.

कालव्यावरच्या मोरीपाशी रस्ता जरा खचलेला आहे. पुढची चाकं पलीकडे गेली, मागची खड्ड्यात बसली, आणि सांधा उघडला. आवाज फार मोठा झाला नाही. मी मधून दुमडलो, पोत्यांची थप्पी केबिनवर आली आणि आम्ही कालव्याच्या उतारावर कलंडलो. लोक धावले, पोती उपसली. एकोजीला बाहेर काढायला अर्धा तास लागला. त्याचा काही उपयोग नव्हता.

मला या गिरणीमागे ओढून आणलं. तेरावा झाल्यावर तिघं मला बघायला आली. तुकोजी, धनलक्ष्मी आणि कमलाक्षी. केबिनचं दार निखळलेलं होतं, त्यामुळे फळी बाहेरूनच दिसत होती. धनलक्ष्मीने वाळलेली जास्वंद काढून टाकली. कमलाक्षीने चष्मा लावला.

तिने वाचलं. मी तिचे डोळे डावीकडून उजवीकडे जाताना बघितले. मग पुन्हा पहिल्यापासून. 

"अक्का," तुकोजीने विचारलं, "काय लिवलं आहे?"

त्याने दाढी केलेली नव्हती. इतके महिने टाळलेलं हे त्याने आता का विचारलं, मला माहीत नाही. कदाचित देवाचं कोणतं नाव आपल्याला पावलं नाही, ते त्याला कळायला हवं होतं. धनलक्ष्मी त्याच्या शेजारीच उभी होती. याच दिराच्या घरात तिला पुढचं आयुष्य काढायचं होतं. कमलाक्षीने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा भावाकडे.

"जे झालं, तेंच लिवलेलं होतं," ती म्हणाली.

धनलक्ष्मीने पदर डोळ्यांना लावला. "होय अक्का," ती म्हणाली. "लिवलेलंच होतं." तुकोजीने मान हलवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने सरळ श्वास घेतला. मग तो धनलक्ष्मीला घेऊन रस्त्याकडे गेला.

कमलाक्षी खोटं बोलली नाही, हे या जगात तिला आणि मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी ती एकटी आली. पिशवीत रॉकेलची बाटली आणि जुन्या साडीचा तुकडा होता. तिने पाऊण तास घासून ती ओळ पुसली. एकही काना राहू दिला नाही. मग हात धुतले आणि बस पकडायला गेली.

दऱ्याप्पाने लिहिलेलं आता कुठेही नाही. तुम्हांला हे अक्षर वाचता येतं, म्हणून तुम्हांला सांगितलं. घरी कोणाला येत नसेल, तर त्याला वाचून दाखवत चला.